ओलेत्याची ऊब

ओलेते म्हणजे हुडहुडी, हे समीकरण आमच्या पिढीच्या मनात लहानपणापासून पक्के बसलेले. त्यामुळे ओले राहूनच ऊब देणारे वस्त्र असते, हे धाकट्या चिरंजीवांकडून कळले तेव्हा आम्हांस मोठे नवल वाटले. चिरंजीव गोव्याच्या ग्रँड बेटापाशी पर्यटकांना पाण्याखालची सृष्टी दाखवितात. ऑक्टोबरपासून मेपर्यंत हंगाम. दिवसाकाठी दोनतीन बुड्या. मुलगा दर्यात उतरतो याचा त्याच्या आईला जितका घोर, तितकाच तो कुडकुडत घरी येतो याचाही.

आपल्या दर्याचे पाणी २८ अंशांच्या आसपास. त्यात थंडी कसली, असे कोणी म्हणेल. परंतु शरीराची उष्णता ३७ अंश, आणि पाणी ती हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. तासाभराने शहारे येतात, मग बोटे बधिर होतात, मग विचारही मंदावतो. ज्याच्या हाती परक्या माणसाचा जीव सोपविलेला, त्याची बोटे बधिर होऊन कशी चालतील?

१९५२ च्या सुमारास ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने हा वेटसूट सिद्ध केला. अंग कोरडे राहिलेच पाहिजे असे नाही, हे त्याने ओळखले. निओप्रीन नामक रबरात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असतात; ऊब राखतात ते बुडबुडेच. आत शिरलेले थोडे पाणी अंगाच्या उष्णतेने कोमट होऊन तेथेच थांबते. सूट ढगळ असेल, तर प्रत्येक हालचालीबरोबर ते निसटते आणि गार पाणी आत येते. म्हणून सुटाची पारख नावावरून वा रंगावरून नव्हे, तर मापावरून करावी.

चिरंजीवांना एक वापरलेला सूट निम्म्या किमतीत मिळत होता. आम्ही तो चिमटीत दाबून पाहिला. चांगले निओप्रीन दाब सुटताच पूर्ववत फुगते. येथे बोटांचा ठसा तसाच राहिला, आणि ताणल्यावर बारीक भेगा दिसल्या. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होऊन बुडबुडे आकसतात; वर्षानुवर्षे असे दबून ते निर्जीव होतात. तेव्हा तो नाकारून पगारातून साठविलेल्या पैशांत नवाच घेतला. आपल्या पाण्यास ३ मिलिमीटर जाडी साधारणतः पुरते. अंगात घालून उकिडवे बसावे, हात उंच करावे, दीर्घ श्वास घ्यावा. कंबरेच्या खोलगट भागी, काखेत व मानेशी पोकळी राहू नये. मात्र श्वास कोंडू नये. कोरडेपणी घट्ट वाटणारा सूट पाण्यात किंचित सैलावतो. इंदूर-हैदराबादेहून येणाऱ्या हौशी मंडळींनी भाड्याचा सूट घेतानाही हे पाहावे, आणि तो धुतलेला आहे ना, हेही विचारावे.

चढविताना नखांनी ओढू नये. बोटांच्या पेरांनी चिमटीत धरून थोडा थोडा सरकवावा. दर्यातून आल्यावर आतून बाहेरून गोड्या पाण्यात खळबळून काढावा. गरम पाणी, यंत्राची धुलाई, इस्त्री आणि कडक ऊन ही चार संकटे टाळावी. उलटा करून आधी आतली बाजू सावलीत वाळवावी. बारीक तारेवर टांगल्यास खांद्यांना वळ उठतात; जाड बांबूवर कंबरेशी दुमडून टाकावा. चेनच्या दात्यांना मेण लावावे. आमच्याकडे पावसाळ्यात सर्वांत जपावे लागते ते बुरशीला. तेव्हा तो ट्रंकेत कोंबू नये. पंधरवड्यास एकदा पुसून वाऱ्यावर धरावा.

हे सर्व नियम सौभाग्यवतींनी सोवळ्याच्या कडकपणाने आत्मसात केले आहेत. पडवीतल्या त्या बांबूवर दुसरे वस्त्र पडत नाही. दर्यातल्या धंद्याविषयी तिने अद्याप चांगला शब्द उच्चारलेला नाही. मात्र संध्याकाळी चिरंजीव आले की ती न बोलता आधी त्यांची बोटे चाचपते. ती ऊनऊन लागली, की सूट खांद्यावर टाकून विहिरीकडे जाते.