लाट दुरून बघावी



पोर्तुगालमधल्या नाझारे गावचा तो फोटो तुमच्याही मोबाइलवर फिरत फिरत आला असेल. लाल डोक्याचं दीपगृह, किल्ल्याच्या गच्चीवर मुंग्यांएवढी माणसं आणि त्यांच्या पाठीशी डोंगरासारखी उभी राहिलेली लाट. आता ही सगळी माणसं वाहून जाणार, असं वाटतं. तसं काही होत नाही. किल्ला उंच कड्यावर आहे आणि लाट त्याच्या बरीच पलीकडे फुटते आहे. फोटो काढणारा मागच्या चढावर, लांब उभा आहे. त्याच्याकडे दूरचं जवळ आणणारी लांब लेन्स आहे, आणि त्या लेन्समधून पुढची माणसं आणि मागची लाट एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. आपल्याला लाटेच्या तोंडाशी न्यावंसं वाटायला लावणारा फोटो असा लांबूनच काढलेला असतो. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

लाटा मात्र खऱ्याच राक्षसी असतात. नाझारेच्या समोर समुद्राच्या तळाला एक प्रचंड घळ आहे, दोनशे किलोमीटरहून लांब. ऑक्टोबर ते मार्चच्या दरम्यान उत्तर अटलांटिकमध्ये वादळं होतात, त्यांची लाट या खोल घळीतून वेग न गमावता किनाऱ्यापर्यंत येते. बाजूच्या उथळ पाण्यातली लाट मागे रेंगाळते आणि वळते. दोघी भूशिराजवळ भेटतात आणि एकीवर एक चढतात. २९ ऑक्टोबर २०२० रोजी सेबास्टियन स्टॉयडनर हा जर्मन सर्फर इथे २६.२१ मीटरच्या लाटेवरून उतरला. हा जागतिक विक्रम म्हणून नोंदवला गेला आहे. आठ मजली इमारत डोळ्यांसमोर आणा.

आमच्या भागातली बरीच गोव्याकडची मुलं आता पोर्तुगालला असतात. त्यातला एक माझ्या दृढीकरणाच्या वर्गातला. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर जातो. गेल्या हिवाळ्यात त्याने घरी फोटो पाठवला, त्यात त्याच्या बुटांच्या पुढ्यातच फेस होता. त्याची आई मिस्सानंतर मला गाठून म्हणाली, “टीचर, माझं ऐकत नाही तो, तुम्ही सांगा.” मी फोन केला तर हसून म्हणतो, “टीचर, माझा रक्षकदूत आहे ना! ठेच लागू देणार नाही.”

बिचाऱ्याच्या लक्षात नव्हतं की हा युक्तिवाद आधी कोणी केला आहे. मत्तयच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि उडी मार म्हणतो. आधार कसला देतो? एक्क्याण्णवाव्या स्तोत्राचा, देवदूत झेलतील या वचनाचा. वचन खरंच आहे. पण प्रभू उडी मारत नाही. पित्यावरचा विश्वास आणि पित्याची परीक्षा यांत फरक आहे, तो तिथे कड्यावरच दिसतो. सावधपणाला अल्पविश्वास म्हणणारे लोक आपल्या सभांमध्येही आहेत. मला ते पटत नाही.

मग मी त्याला आमच्या ओळखीच्या एका रापणकाराने आणि एका फोटोग्राफरने सांगितलेल्या गोष्टी सांगितल्या. पोहोचल्यावर अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेवायचा आणि नुसतं पाहायचं. लाटा एकसारख्या येत नाहीत. बराच वेळ बेताच्या येतात, मग लागोपाठ काही दांडग्या. खडक कुठपर्यंत ओले आहेत ते बघायचं, त्याच्या खूप वर उभं राहायचं, आणि कोरडा खडक दिसला म्हणून तोही सुरक्षित मानायचा नाही. भरतीची वेळ आधी पाहायची. समुद्राकडे पाठ करायची नाही, सेल्फीसाठी तर नाहीच. कड्याची कड खालून पोखरलेली असू शकते आणि वारा माणसाला ढकलतो, म्हणून काठापासून मागे. एकट्याने जायचं नाही. लांब लेन्स असेल तर पुढे जायची गरजच उरत नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागाचा शटर ठेवला की उडालेला थेंबन्‌थेंब दिसतो. लेन्सवरचं खारं पाणी पुसायला दोन-तीन कोरडी फडकी हवीत. फोटोत दीपगृह किंवा माणूस घ्यावा, नाहीतर लाटेची उंची कळत नाही. आणि कोणी पाण्यात पडलंच तर मागे उडी नाही. ११२ला फोन, हाताला येईल ते तरंगणारं किंवा दोरी फेकायची, नजर त्याच्यावरून हलू द्यायची नाही. तिथेही ११२ आणि इथेही ११२. आपल्याकडे थंडीत समुद्र शांत असतो, पण जूनपासून आपली युवक मंडळं गोव्याच्या खडकांवर जातात, त्यांनीही हे वाचावं.

नाझारेच्या लोकांना लाट म्हणजे तमाशा नव्हता. १९८०च्या दशकात बंदर होईपर्यंत त्यांच्या होड्या थेट वाळूवरून लाटांत ढकलल्या जात. बायका किनाऱ्यावर बसून वाट बघत. काही जणी आयुष्यभर काळ्या कपड्यांत राहिल्या.

आणि त्याच कड्यावर मरियेची एक आख्यायिका आहे. ११८२ साली सप्टेंबरच्या एका धुक्याच्या सकाळी दों फुआश रोपिन्यु नावाचा सरदार घोड्यावरून हरणाचा पाठलाग करत होता. हरीण कड्यावरून नाहीसं झालं. ते हरीण म्हणजे सैतानच होता, असंही सांगतात. सरदाराने मरियेचा धावा केला आणि घोडा अगदी टोकाशी थांबला. तिथे आजही छोटं स्मृतिमंदिर आहे. कथेत सगळे सरदाराची प्रार्थना सांगतात. मला घोडाही आठवतो, ज्याने खूर रोवले. निर्गमच्या तेहेतिसाव्या अध्यायात मोशे देवाचं तेज पाहायला मागतो, तेव्हा देव त्याला पुढे बोलावत नाही, खडकाच्या कपारीत उभा करून वर हात धरतो.

नाझारेच्या मातेचा सण ८ सप्टेंबरला, आपल्या मोंतीच्या सणाच्याच दिवशी असतो. यंदा नोव्हेना संपल्यावर धर्मशिक्षणाच्या मुलांना ही कथा सांगणार आहे, घोड्याचं चित्र फळ्यावर काढून. चित्रकला माझी बरी नाही, पण मुलं ओळखतील.