शाळा सुटल्यावर

परदेशी नोकरी करून आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पगार किती होता, हा पहिला. आणि खायला काय मिळत असे, हा दुसरा. इथिओपियात सहा वर्षे मास्तरकी करून मी १९७२ साली वसईला परत आलो, त्याला आता पन्नासांहून अधिक वर्षे झाली. एवढ्या काळात या दोन प्रश्नांची उत्तरे मी इतक्यांदा दिली आहेत की पाढ्यांसारखी ती पाठ झाली आहेत. तिसरा प्रश्न मात्र कधी कोणी विचारला नव्हता. तो परवा आमच्या नातीने विचारला.

ती मालदीवला शिक्षिका म्हणून निघाली आहे. सगळ्या घरभर तिचे कपडे पसरले होते आणि बॅगेच्या वजनावरून मायलेकींची हुज्जत चालली होती. मध्येच ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आबा, शाळेचं मला काही वाटत नाही. शिकवीन मी. पण शाळा सुटल्यावर तुम्ही काय करायचात हो?"

मी उत्तर शोधतो आहे तोच सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे ना? हे शिकवणीला बसायचे. आणि नापास व्हायचे!"

नातीला वाटले, आजी नेहमीप्रमाणे थट्टा करते आहे. पण ती थट्टा नव्हती.

१९६६ साली मी पंचविशीतला गणिताचा शिक्षक होतो. वसईत वडिलांची केळीची लहानशी वाडी, पाठच्या बहिणीचे लग्न ठरायचे होते आणि घराची कौले दर पावसाळ्यात आमची परीक्षा पाहत होती. त्या काळी इथिओपियाचे सरकार हिंदी शिक्षकांना कराराने बोलावून घेत असे. इटालियनांनी आपल्या अमलात तिथली शिकलेली माणसे वेचून मारली होती; १९४१ साली ते गेल्यावर शाळा जवळजवळ नव्याने उभ्या करायच्या होत्या आणि त्यांत शिकवायला माणसे नव्हती. मी अर्ज केला. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरला पावणेपाच रुपये पडत होते ते साडेसात झाले. सगळा देश हळहळत असताना आमच्या घरी मात्र वडील पाटीवर हिशेब मांडून म्हणाले, "म्हणजे तुझा तिकडचा पगार बसल्या जागी दीडपटीहून जास्त झाला की रे!" देशाच्या दुःखात असा आनंद मानावा लागला याची मला अजूनही थोडी लाज वाटते.

माझी नेमणूक गोंदर या गावी झाली. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून उंच, थंड हवेचे ते जुन्या राजधानीचे गाव. पहिल्या दिवशी शाळेच्या कारकुनाने सांगितले, "उद्या दोनला या." मी आपला दुसऱ्या दिवशी स्वस्थपणे जेवून, कोट चढवून, दुपारी बरोबर दोनच्या ठोक्याला हजर. कारकून माझ्याकडे पाहतच राहिला. तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ! पुढे मला वाटू लागले की खरे शहाणे तेच. आपल्या आजोबा-पणजोबांचे प्रहरही उजाडल्यापासूनच सुरू होत असत. मध्यरात्री गाढ झोपेत दिवस बदलण्याची खोड आपल्याला नंतर लागली.

शाळेत माझे बरे चालले. सातवीपासून माध्यम इंग्रजी होते आणि गणिताला भाषा थोडीच लागते. मुले गरीब पण अभ्यासाला वाघ. कितीतरी जण लांबच्या खेड्यांतून आलेले, चारपाच जणांत एक खोली भाड्याने घेऊन राहणारे. अडचण होती ती शाळा सुटल्यानंतरची. चार वाजता घंटा व्हायची आणि मी माझ्या खोलीत येऊन खाटेवर बसायचा. वसईत मला रिकामा वेळ म्हणून कधी ठाऊकच नव्हता. वाडीला पाणी सोड, पापडीच्या बाजारात जा, पारावर बस. संध्याकाळ कशी सरली ते कळत नसे. गोंदरला तीच संध्याकाळ पुढ्यात येऊन बसे आणि उठता उठत नसे. गावात इटालियनांनी बांधलेला एक चौक होता, त्याला लोक 'पियासा' म्हणत. तिथे कॉफीची दुकाने होती, हिंदी चित्रपटही कधीमधी लागत. पण गुरुदत्तच्या 'प्यासा'ची आठवण करून देणाऱ्या त्या चौकात एकट्याने कॉफी पिण्यात कसली आली आहे मजा!

रविवारी मी फासिल राजाच्या वाड्याकडे जायचा. सतराव्या शतकातला तो दगडी वाडा, कोपऱ्यांवर घुमटाचे गोल बुरूज, तटाला कंगोरे. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा माझ्या पोटात एकदम कालवले. चुन्यात बसवलेले ते दगड, भिंतीतून उगवलेले ते गवत. मी वसईच्या किल्ल्यातच तर उभा नाही ना? पुढे वाचनात आले की १६४८ साली तिथे गेलेल्या येमेनच्या वकिलाने तो वाडा एका हिंदी कारागिराने बांधल्याचे लिहून ठेवले आहे. म्हणजे करारावर येऊन तिथे राबलेला मी काही पहिला हिंदी माणूस नव्हतो. त्या गवंड्याने संध्याकाळी काय केले असेल, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येई. इतिहासकार असल्या गोष्टी लिहीत नाहीत.

अशाच एका संध्याकाळी सातवीतला एक मुलगा वही घेऊन दारात आला. बारा वर्षांचा असेल. अंगावर जाड्याभरड्या सुताची शाल, पायांत काही नाही. त्याला एक उदाहरण सुटत नव्हते. मी ते सोडवून दिले. तो जाईना. माझ्याकडे निरखून पाहत त्याने विचारले, "सर, आपण आजारी आहात का?"

"नाही, का रे?"

"मग एकटे का बसला आहात?"

त्याच्या गावी माणूस एकटा बसत नाही, एकटा जेवत नाही. एकटा असतो तो आजारी तरी असतो, नाही तर कोणी मेलेले तरी असते. मी म्हटले, "मला इथली भाषा येत नाही. बोलू कोणाशी?" त्याने क्षणभर विचार केला, माझ्याच टेबलावरचा खडू उचलला आणि दाराच्या फळीवर एक अक्षर काढले. "म्हणा, ह."

तेव्हापासून माझी शिकवणी सुरू झाली.

त्यांच्या लिपीत तेहतीस मूळ अक्षरे आणि प्रत्येकाची सात रूपे. आपली बाराखडी, त्यांची म्हणा सातखडी. एकूण दोनशे एकतीस. ह, ल, मग पुन्हा ह, म, स, र आणि पुन्हा स! मी म्हणालो, "अरे, हे दोन ह कशाला?" तो म्हणाला, "दोन नाही सर, तीन आहेत. उच्चार एकच." "मग फरक काय?" "तो देवळातल्या म्हाताऱ्या धर्मगुरूंना ठाऊक." यावर मी त्याला आपले श आणि ष दाखवले आणि आमच्याकडेही अशीच स्थिती आहे हे कबूल केले. तेव्हा कुठे त्याला माझ्याबद्दल आदर वाटू लागला.

मी त्याला मनातल्या मनात 'छोटे मास्तर' म्हणत असे. मास्तर कडक होते. घशातून फुटणारा त्यांचा क मला काही केल्या येत नसे. मी तो काढला की त्यांच्या खोलीतली बाकीची मुले लोटपोट हसत. मग मीही सूड म्हणून त्यांना 'ढ' म्हणायला लावी. शनिवारी परीक्षा. लाल पेन्सिलीने ते माझी वही तपासत आणि खाली गुण देत. दहापैकी तीन, दहापैकी चार. वहीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी माझे नाव लिहून पुढे 'तेमारी' असे घातले होते. त्यांच्या भाषेत शिक्षकाला 'अस्तेमारी' म्हणतात आणि विद्यार्थ्याला 'तेमारी'. एकाच धातूचे दोन शब्द. सकाळी मी अस्तेमारी, संध्याकाळी तेमारी.

अक्षरे आली तशी दुकानांच्या पाट्या वाचता येऊ लागल्या, आणि पाट्या वाचणाऱ्या परक्याला दुकानदार हाका मारू लागले. एका सहकाऱ्याने जेवायला बोलावले. आपल्या आंबोळीसारखा, पण मोठ्या परातीएवढा, आंबवलेल्या पिठाचा इंजेरा आणि त्यावर शिरो. शिरो म्हणजे नाव वेगळे केलेले आपले पिठलेच! सगळे एकाच ताटात जेवतात. मी घास घेणार तोच घरच्या बाईंनी हाताने एक मोठा घास करून माझ्या तोंडात भरवला. याला 'गुर्शा' म्हणतात; पाहुण्याचा तो मान. वर्षभराने सौ. तिकडे आली आणि तिच्यादेखत हाच मान मला पुन्हा मिळाला, तेव्हा घरी परतेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. दारात पोचल्यावर म्हणाली, "नाव घ्यायचं तेवढं राहिलं!"

पण सौ. माझ्यापेक्षा लवकर रुळली. शेजारच्या बाई तिला रोज कॉफीला बोलावीत. तिथली कॉफी म्हणजे कप तोंडाला लावून उठणे नव्हे. जमिनीवर हिरवे गवत पसरायचे, समोर कच्चे बी भाजायचे, कुटायचे, मातीच्या सुरईत उकळायचे, आणि एकामागून एक तीन वेळा प्यायचे, सोबत लाह्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दीड-दोन तास बोलत. काय बोलता असे विचारले तर सौ. म्हणे, "सासूबद्दल." ते खुणांनीही कळते म्हणे.

१९६७ च्या दिवाळीत आम्ही कामट्या आणि पतंगाचा कागद मिळवून आकाशकंदील केला. भाजणी कुठली मिळायला? तिथले टेफ नावाचे खसखशीएवढे धान्य दळून त्यात मिसळले, तर चकलीची कडबोळी झाली. कंदील पाहून शेजारीपाजारी जमले. घरात मूल झाले की काय म्हणून विचारू लागले. फराळ पुढे ठेवला तर कोणी करंजीला हात लावीना. लक्ष्मीपूजन नेमके बुधवारी आले होते, आणि तिथे बुधवार-शुक्रवार उपास. दूध, तूप, मांस वर्ज्य. तुपातल्या करंज्या कागदात बांधून प्रत्येकाने गुरुवारसाठी घरी नेल्या आणि तेलातल्या कडबोळ्यांचा फडशा पाडला. छोटे मास्तर उंबऱ्याशी बसून पणत्यांकडे पाहत होते. त्यांनी तोवर माझ्याकडून थोडी देवनागरी उचलली होती. सौ.ने काढलेल्या रांगोळीशेजारी त्यांनी बोटाने लिहिले, 'गुरुजी'. दुसरा उकार पहिला काढला होता. मी दहापैकी नऊ दिले.

१९७२ साली करार संपवून आम्ही परतलो. निघण्याआधी त्यांनी माझी शेवटची परीक्षा घेतली. सगळी दोनशे एकतीस अक्षरे. मलाही दहापैकी नऊच मिळाले. एक अक्षर चुकले होते. "ते पुढच्या वेळी," ते म्हणाले.

त्यांची पत्रे येत. पाकिटावर इंग्रजी पत्त्याखाली 'वसई' असे देवनागरीत हटकून लिहिलेले. पोस्टमन म्हणे, "गुरुजी, आफ्रिकेत मराठी माणूस आहे वाटतं!" १९७४ साली तिथे क्रांती झाली, बादशहा हैले सेलासी पदच्युत झाले. नव्या लष्करी सरकारने विद्यार्थ्यांना साक्षरतेसाठी खेड्यापाड्यांत धाडले. छोटे मास्तर तेव्हा विद्यापीठात होते, तेही गेले. त्यांचे पत्र आले: झाडाखाली वर्ग भरतो, माझे विद्यार्थी माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, पण तुमच्याइतका मंद अजून एकही भेटला नाही. ते पत्र मी आळीभर वाचून दाखवले.

त्यानंतर दोन पत्रे आली. १९७७ पासून एकही नाही. १९७७-७८ ची ती वर्षे तिथल्या इतिहासात 'लाल दहशत' म्हणून ओळखली जातात. हजारो तरुण, शाळाकॉलेजांतली मुले, रस्तोरस्ती मारली गेली. गोंदर त्यात फार होरपळले. १९९१ साली ते सरकार गेल्यावर मी जुन्या पत्त्यावर पत्र टाकले. उत्तर आले नाही. पण पत्र परतही आले नाही. म्हणजे कोणाला तरी ते मिळाले असेल, असे सौ. म्हणते. मी त्यावर काही बोलत नाही.

हे सगळे सांगून झाले तेव्हा बाहेर अंधार पडला होता. आमच्या वाडीच्या जागी आता इमारत आहे आणि तिच्याच दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. खाली पोरे फटाके वाजवीत होती. नात बराच वेळ गप्प बसली. मग तिने विचारले, "आबा, ती वही आहे?"

वही कपाटात होती. तिने पाने उलटली; तीन, चार, सहा, सात, नऊ. शेवटच्या पानावर लाल पेन्सिलीने गोल केलेले एक अक्षर आहे. "हे चुकलं होतं?" मी म्हटले, "हो. अजूनही मधूनमधून गिरवतो. पण बरोबर आलं की नाही, ते तपासणारं कोणी नाही."

मालदीवची लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात, असे मी तिला सांगितले. शाळा सुटली की वर्गातल्या एखाद्या पोराला धर आणि त्याच्याकडे शिकवणी लाव, एवढाच माझा सल्ला. तिने बॅगेतून एक जाडजूड पुस्तक बाहेर काढले, आणि त्या जागी एक कोरी वही आणि लाल पेन्सिल ठेवली.

बॅगेचे वजनही त्यामुळे बरोबर झाले.