दांडा आपल्या मापाचा हवा

गेली पंधरा वर्षे मी ऑफिसांतली कार्पेटं साफ करते. साहेब लोक घरी गेले की आमची पाळी सुरू. लोक म्हणतात, मशीन आहे ना, मग मेहनत कसली? ते माझ्या कंबरेला विचारा.

कंत्राटदार मशीन घेताना किंमत बघतो. चालवणारीची उंची कोण बघतो? मी पाच फुटांना कमी. दांडा लांब असला की खांदे वर चढतात, आखूड असला की वाकावं लागतं. म्हणून दांडा कमी-जास्त करता येतो का, हे मी आधी बघते. ताठ उभं राहून, खांदे सैल सोडून, कोपर जरासं वाकेल एवढाच तो ठेवते.

पाण्याच्या मशीनचं ओझं निराळं. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. वीस लिटरची टाकी भरली की वीस किलो ओढा, वर मशीन आहेच! मी अर्धीच भरते. फेऱ्या वाढतात, सुपरवायझर कुरकुरतो. कुरकुरू दे, मणका माझा आहे.

हातांनी रेटू नये. मशीनबरोबर पावलं टाकत मागेपुढे चालावं. पाणी मारलं की त्याच जागी दोनदा नुसतं कोरडं ओढावं, नाहीतर सकाळी कुबट वास येतो. लोकरीच्या कार्पेटला कढत पाणी लावू नये, ते आटतं.

आम्ही चौघींनी मिळून कमी-जास्त होणारे दांडे मागितले. दोन आले. ते पाळीपाळीने वापरतो. बाकीच्या दोनांसाठी पुन्हा अर्ज दिला आहे.