सरकार नुसत्या ठरावापुरतं नको

तुडीलमध्ये हल्ली आपलीच काही शिकलेली पोरं म्हणतात, "सरकारने कमीत कमी लुडबुड करावी, बाकी समाज बघून घेईल." मी त्यांना एवढंच सांगतो, बाबांनो, आपल्याच तालुक्याचा इतिहास वाचा.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं. कागदावर! प्रत्यक्षात तीन वर्षं आपला माणूस तळ्याकडे फिरकू शकला नाही. ठराव सरकारचा होता, पण दहशत सवर्ण समाजाची होती.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्यायलं. त्याच दिवशी आपल्या माणसांना मारहाण झाली. पुढे तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. 'समाज बघून घेईल' म्हणजे काय, ते हे. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सरकार गप्प बसतं तिथे राज्य बळवंताचं चालतं. हक्क जाहीर करणं हे सरकारचं अर्धं काम. तो शेवटच्या माणसाला निर्भयपणे वापरता येणं, हे उरलेलं. संविधानाचं कलम १७ अस्पृश्यता नष्ट करून थांबत नाही, ती पाळणं गुन्हा ठरवतं, ते याचसाठी.

तेव्हा तरुणांनो, सरकार कमी मागू नका. ग्रामसभेत उभे राहा, ठरावाची नक्कल मागा आणि विचारा: अंमलबजावणी कुठे आहे?

जय भीम!