आधी रूळ, मग इंजिन

कमी किमतीचा लॅपटॉप घरात येतो तो गेमसाठी नव्हे. चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावी तो बारावीनंतर, अमरावतीला किंवा बडनेऱ्याला कॉलेज लागले की घेतला जातो. पैसा बहुधा कापसाच्या किंवा सोयाबीनच्या चुकाऱ्यातला असतो आणि घरात सांगितलेले कारण अभ्यासाचे असते. गेम त्यात नंतर शिरतो. तीन-चार वर्षे जातात, नवे गेम जड होत जातात, ऐन लढतीत पडदा गोठतो आणि मग प्रश्न उभा राहतो : यातच काही टाकून भागवावे, की हा देऊन दुसरा घ्यावा? दोन्ही बाजूंना सल्ले भरपूर मिळतात. पण उत्तर सल्ल्यापेक्षा यंत्राच्या पोटात अधिक असते.

गेम म्हणजे भराभर रंगवलेली चित्रे. सेकंदाला 60 चित्रे हवी असतील, तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे 16.7 मिलिसेकंद येतात. 30 वर समाधान मानले तर 33. तेवढ्या वेळात प्रोसेसरने हिशेब करायचा, रॅमने सामान हाताशी द्यायचे आणि ग्राफिक्सने चित्र काढायचे. तिघांपैकी एकाला उशीर झाला की उरलेले दोघे बसून राहतात. सोयाबीनच्या थ्रेशरवर गंजीतून माल टाकायला चार माणसे असली आणि पोती भरणारा एकटा असला, तर काम त्या एकट्याच्या हातानेच चालते. टाकणारा पाचवा माणूस आणून काही उपयोग नसतो. लॅपटॉपवर खर्च करण्यापूर्वी शोधायचा तो हा पोती भरणारा.

तो सापडतो. गेम चालू असताना टास्क मॅनेजर उघडला की मेमरी भरली आहे, डिस्क शंभर टक्क्यांवर अडकली आहे, की ग्राफिक्स दमले आहे, हे आकड्यांत दिसते. आणखी एक सोपी परीक्षा आहे. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर जवळजवळ 20.7 लाख ठिपके रंगवावे लागतात. तोच गेम 1280 बाय 720 वर लावला तर 9.2 लाखच. ठिपके निम्म्याहून कमी होताच गेम पळू लागला, तर अडचण ग्राफिक्सची. फारसा फरक पडला नाही, तर ग्राफिक्सला दोष न देता प्रोसेसर किंवा रॅमकडे पाहायचे.

बदलता येणाऱ्या वस्तू मोजक्या आहेत. जुन्या लॅपटॉपात फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर ती सेकंदाला साधारण शंभर मेगाबाइट वाचते. साटा जोडणीची एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पुढे. या बदलाने यंत्र चटकन सुरू होते, गेम लवकर उघडतो, नकाशा बदलताना ताटकळावे लागत नाही. चित्रांची गती मात्र बहुधा जिथल्या तिथे राहते, आणि ‘एसएसडी टाकली तरी गेम अडकतोच’ ही तक्रार त्यातूनच जन्मते.

रॅमची गोष्ट अधिक नाजूक आहे. स्वस्त लॅपटॉपात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते. प्रोसेसरच्या पोटातले ग्राफिक्स सगळ्या यंत्राच्या रॅमवरच जगते. कारखान्यातून असा लॅपटॉप बहुतेकदा रॅमची एकच पट्टी घालून येतो. डीडीआर4-3200 ची एक पट्टी सेकंदाला 25.6 गीगाबाइट पुरवते; जोडीला दुसरी लागली की रस्ता दुपदरी होऊन हा आकडा 51.2 होतो. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या काही प्रोसेसरांत तर एका पट्टीवर ग्राफिक्स ‘यूएचडी’ या साध्या नावाने दिसते आणि दोन पट्ट्या लागल्यावरच ‘आयरिस एक्सई’ म्हणून ओळख देते. मात्र खाच रिकामी आहे का, की रॅम बोर्डावरच जोडून टाकली आहे, हे मॉडेल पाहून आधी ठरवावे लागते. जोडलेली असेल, तर तो विषय तिथेच मिटतो.

ग्राफिक्स आणि प्रोसेसर आजच्या बहुतेक लॅपटॉपांत बोर्डाला कायमचे डाखलेले असतात. दुपदरी रॅमचा 51.2 हा आकडाही 2019 साली आलेल्या जीटीएक्स 1650 या साध्या कार्डापुढे तोकडा आहे. त्या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला सुमारे 128 गीगाबाइट पुरवते. बाहेरून कार्ड जोडण्याची सोय थंडरबोल्टवर आहे, पण ते तोंड स्वस्त लॅपटॉपाला सहसा नसते.

चांदूर रेल्वेच्या नावातच रेल्वे आहे, आणि हा भेद समजायला रेल्वेइतके चांगले उदाहरण नाही. जिल्ह्यातल्या चांदूर बाजारपासून वेगळी ओळख देणारा हा लोहमार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा. तो 1867 मध्ये नागपूरला पोचला. रुळांमधले अंतर पहिल्यापासून साडेपाच फूट. त्या रुंद पायावर वाफेची इंजिने गेली, डिझेलची आली, मग विजेची आली आणि दर वेळी गाडीचा वेग व वजन वाढत गेले. वऱ्हाडातच यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही शकुंतला नावाची छोटी गाडी धावत होती. मँचेस्टरला 1921 मध्ये बांधलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 मध्ये निवृत्त होऊन डिझेल इंजिन आले. तरी गाडी रेंगाळतच राहिली, कारण खालचा अडीच फुटी मार्ग तोच होता. पुढे लोकांची मागणी आणखी जोरदार इंजिनाची नव्हती, ब्रॉडगेजची होती. लॅपटॉपात एसएसडी आणि रॅम हे इंजिन; डाखलेले ग्राफिक्स, प्रोसेसर आणि उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था हे रूळ.

यातली उष्णता वऱ्हाडात विसरून चालत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो, आणि प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या घरात पोचला की जीव वाचवण्यासाठी स्वतःचा वेग उतरवतो. चार वर्षे न उघडलेल्या लॅपटॉपाचे खालचे झाकण काढले की पंख्याच्या तोंडाशी जाळीवर धूळ आणि तंतूंचा करडा थर दिसतो, नखाने उचलला तर वाकळेच्या तुकड्यासारखा अख्खा निघणारा. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून चुन्याच्या पापुद्र्यासारखी झालेली असते. थर काढून नवी पेस्ट लावणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि पहिल्या अर्ध्या तासात सुरळीत चालून नंतर मंदावणाऱ्या गेमवर नेमका लागू पडणारा. वीज गेल्यावर बॅटरीवर गेम धिमा होतो, तो मात्र बिघाड नव्हे. बॅटरी वाचवण्यासाठी यंत्र मुद्दाम शक्ती कमी करते.

मग प्रश्न गेमचा. व्हॅलोरंट साध्या ग्राफिक्सवरही चालेल असा बांधलेला आहे. 2015 मध्ये संगणकावर आलेला जीटीए 5 खालच्या सेटिंगवर, दोन पट्ट्यांच्या जोरावर खेळण्याजोगा होतो. अशा गेमांसाठी सुधारणा पुरते. दरवर्षीचे नवे, मोठे गेम वेगळे कार्ड मागतात आणि तिथे सुधारणेचा पैसा वाया जातो. वयाची मर्यादाही पाहावी लागते. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 लागते, आणि विंडोज 11 वर व्हॅलोरंटही टीपीएम व सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय उघडत नाही. त्या रेषेआधीच्या जुन्या यंत्रात गेमसाठी पैसा घालणे कठीणच समर्थनीय ठरते.

म्हणून क्रम असा पडतो : आधी सफाई, मग खाच रिकामी असेल तर दुसरी पट्टी, मग एसएसडी, प्रत्येक पायरीनंतर तोच गेम, त्याच सेटिंगवर. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढल्याने दुसरी पायरी पूर्वीइतकी हलकी राहिलेली नाही, तेव्हा भाव विचारूनच ती चढावी. एवढ्यावरही परीक्षा ग्राफिक्सकडेच बोट दाखवत असेल, तर सुधारणा तिथे थांबवायची आणि पुढचा पैसा नव्या यंत्रासाठी जमवायचा. ते नवे यंत्र लॅपटॉपच असले पाहिजे असेही नाही. कॉलेजचे काम जुन्यावर भागत असेल, तर घरी एका जागी राहणारा, कार्ड बदलता येणारा डेस्कटॉप तेवढ्याच पैशात अधिक ताकद देतो आणि पुढच्या सुधारणेला वाव ठेवतो. फक्त वीज जाण्याच्या हिशेबाने सोबत यूपीएस धरावा लागतो.

जुन्यात घातलेले सगळेच बुडत नाही. एसएसडी काढून नव्या यंत्रात किंवा यूएसबीच्या डबीत वापरता येते. डीडीआर4 ची पट्टी मात्र डीडीआर5 च्या खाचेत बसत नाही. ती जुन्यातच राहते, आणि प्रवेशाचे अर्ज, टायपिंग, ऑनलाइन तास यांसाठी धाकट्या भावंडाच्या हाती तो लॅपटॉप आणखी काही वर्षे काढतो.