बाबांचे ११.४ आणि बर्लिनचा निळा ट्रॅक

ऑफिसच्या कामाने बर्लिनला गेलेले लोक मोकळ्या शनिवारी भिंतीचे तुकडे बघायला जातात. मी यू-टू मेट्रो पकडून ऑलिम्पिक स्टेडियम गाठलं. दगडी, रुक्ष, जरा धाकच दाखवणारं. १९३६ साली हिटलरच्या ऑलिम्पिकसाठी बांधलेलं, त्यामुळे धाक दाखवणं हाच हेतू असणार. गंमत म्हणजे आज शेजारच्या रस्त्याला नाव आहे जेसी ओवेन्सचं!

तिकीट काढून आत गेलं की मैदान एकदम खोलात दिसतं, कारण निम्मं स्टेडियम जमिनीखाली आहे. आणि ट्रॅक चक्क निळा. याच निळ्यावर १६ ऑगस्ट २००९ला उसेन बोल्ट १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावला. आधीचा ९.६९चा विक्रमही त्याचाच, बीजिंग २००८चा. एका वर्षात ११ शतांश! जिम हाइन्सच्या ९.९५वरून (१९६८) कॅल्विन स्मिथच्या ९.९३पर्यंत (१९८३) यायला जगाला १५ वर्षं लागली होती. तेही फक्त दोन शतांशांसाठी. बोल्टचा आकडा अजून तसाच आहे.

पण मला आठवत होता ओवेन्स. याच स्टेडियममध्ये त्याने १०.३ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. त्याचा विश्वविक्रम १०.२चा, त्याच वर्षी जूनमध्ये शिकागोत केलेला. तेव्हा ट्रॅक कोळशाच्या राखेचे. स्टार्टिंग ब्लॉक्स ऑलिम्पिकमध्ये आले १९४८ला, त्यामुळे गडी खुरपीने खड्डे उकरून त्यात पाय रोवायचा. वेळ मोजणार कोण, तर हातात घड्याळ धरलेला माणूस. त्याचं बटण दाबायला होतो तो उशीर धावणाऱ्याच्या पथ्यावर पडतो, साधारण पाव सेकंद. म्हणून १९७७पासून १०० मीटरला फक्त इलेक्ट्रॉनिक वेळच विश्वविक्रम म्हणून धरतात.

इथे मला जरा ओशाळल्यासारखं झालं. आमचे बाबा कॉलेजात असताना तालुक्याच्या मैदानावर ११.४ सेकंदांत धावले होते. घरी पाहुणे आले की हा आकडा निघायचाच, आणि मी दर वेळी विचारायचो, "घड्याळ लावणारे सर आपलेच होते ना?" सगळे हसायचे. बाबाही हसायचे, पण जरा उशिरा.

घड्याळाने त्यांना पाव सेकंद फुकट दिला असेल, मान्य. पण मातीने किती खाल्ला, ते कोण मोजणार?

स्टँडमधूनच फोन लावला.

"बाबा, तुमचे ते ११.४... स्पाइक्स होते का?"

"कसले स्पाइक्स! अनवाणी. का रे?"

"काही नाही. बोल्टचा ट्रॅक बघतोय."

"कसा आहे?"

"निळा. रबरासारखा."

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"म्हणजे खडे टोचत नसतील."