आमची पद्मिनी पास होते!

मॅट्रिकच्या परीक्षेला मी एकदाच बसलो आणि एकदाच पास झालो. आमची मोटार आजवर पाच वेळा परीक्षेला बसली आणि पाचही वेळा पास झाली. या गोष्टीचा मला मोठा अभिमान होता. 'होता' म्हणतो, कारण २०२४ च्या डिसेंबरात तो पार उतरला. कसा उतरला, तेच सांगायला बसलो आहे.

मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी ती १९८९ साली, निवृत्तीनंतर, फंडाच्या पैशांतून घेतली. मारुती रस्त्यावर येऊन तेव्हा पाचसहा वर्षे झाली होती आणि शेजारपाजारच्या झाडून सगळ्या मंडळींनी 'मारुतीच घ्या' म्हणून सांगितले होते. वडिलांनी दोन्ही गाड्यांची दारे लावून पाहिली. पद्मिनीचे दार लागताना तिजोरी मिटल्यासारखा आवाज झाला. वडील बँकेतले, त्यांचा निर्णय तिथेच झाला. मूळची ही इटलीची फियाट अकराशे, इंजिन १०८९ सी.सी.चे, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेला, आणि नाव मात्र चितोडच्या राणीचे. आमच्या सौभाग्यवती तिचा उल्लेख 'तुमची राणीसाहेब' असा करतात. त्यातला सूर काय असतो, ते विवाहित वाचकांना सांगायला नको.

खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते. ती संपली की दर पाच वर्षांनी गाडी तपासून घ्यायची आणि नोंदणी वाढवून आणायची. लोक याला 'पासिंग' म्हणतात. म्हणजे नापास होण्याची कल्पना त्या शब्दातच नाही! त्या हिशेबाने आमची गाडी २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ साली कचेरीच्या आवारात उभी राहिली. पहिल्या दोन वेळा वडील बरोबर होते. फी पूर्वी ६०० रुपये असे. १ एप्रिल २०२२ पासून ५००० झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० झाली. पर्यावरण कर निराळा. राणीसाहेबांचा थाट परवडेनासा होत चालला आहे, हे मलाही कळते.

पूर्वी मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम असे, तशीच पासिंगची तयारी. महिनाभर आधी मिस्त्री येऊन गाडीभोवती एक फेरी मारतो. जिथे पत्रा गंजून चाळणी झाली असेल तिथे ठिगळ, त्यावर लांबी, घासूनपुसून रंग. दिवे, वायपर, हॉर्न, मागचे लाल रिफ्लेक्टर, सगळे पाहून होते. धुराच्या दाखल्याच्या दिवशी कार्बोरेटरचा स्क्रू थोडा फिरवून पेट्रोल कमी आणि हवा जास्त करायची. या वयाच्या गाडीला धुरातला कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. आमची तेवढा वेळ दम धरते. दाखला हातात पडला की स्क्रू पुन्हा जागेवर, कारण त्या अवस्थेत ती चढावर खोकू लागते. सगळे अगदी कायद्यात बसणारे नसेल, पण स्थळ पाहायला आलेल्यांसमोर कोणती मुलगी खोकते?

२०२४ च्या नोव्हेंबरात मीच गाडी घेऊन गेलो. पुढे रिक्षा, मागे टेम्पो आणि शाळेच्या दोन बसगाड्या. तपासणारे साहेब तरुण होते. चासीच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून त्याचा ठसा घेतलेला होता, तो त्यांनी मूळ कागदाशी ताडून पाहिला. दिवे लावून, हॉर्न वाजवून घेतला. मग म्हणाले, "काका, जरा पुढे घ्या आणि दाबा ब्रेक."

आता इथे एक कबुली द्यायला हवी. वर्षभर आमच्या ब्रेकचे एक गुपित होते. पेडलवर एकदम जोरात पाय दिला की गाडी जागच्या जागी थांबे. पण पाय हलकेच ठेवून उभे राहिलो, तर पेडल एखाद्या म्हाताऱ्याच्या डुलकीसारखे सावकाश खाली जाई. उपायही सापडला होता: पायाने दोनदा झटके द्यायचे, पेडल वर येते. इतके अंगवळणी पडले होते, की मी ते करतो हेही मी विसरलो होतो. साहेबांनी सांगताच मी गाडी पुढे घेतली, दोनदा दाबले, मग जोरात दाबले. टायर रस्त्याला घासले. साहेब मान हलवून म्हणाले, "ब्रेक जबरदस्त आहेत हो काका! आताच्या गाड्यांनाही नसतात."

घरी येताना मी पेढे घेतले.

साहेबांना मी दोष देत नाही. त्यांनी जे विचारले त्याचे उत्तर गाडीने बरोबर दिले. फक्त गाडीच्या वतीने पेपर मी लिहिला होता.

माझा पुतण्या विलायतेत असतो. तो सांगतो, तिकडे १९६० पासून अशी तपासणी आहे आणि आता गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी करावी लागते. त्यात पास आणि नापास यांखेरीज तिसराही एक शेरा असतो: 'आज चालेल, पण या भागाकडे लक्ष ठेवा.' गाडीचा नंबर घालून हे जुने शेरे इंटरनेटवर कोणालाही वाचता येतात. मजा म्हणजे, चाळीस वर्षांपलीकडच्या गाड्यांना, त्यांत फार फेरफार केलेले नसले तर, २०१८ पासून ही तपासणी माफ आहे. पुतण्याला यात शहाणपण दिसते. एवढी जुनी गाडी जपणारा माणूस तिची काळजी घेतोच, असे तो म्हणतो. त्याला काय सांगणार? त्याचा काका गाडीला किती जपतो, ते त्याला ठाऊक नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी नातीला चित्रकलेच्या क्लासला घेऊन निघालो. वय वर्षे सात, मागच्या बाकावर, हातात रंगांची पेटी. उड्डाणपुलाच्या चढावर गाड्या तुंबल्या. मी गिअर काढून ब्रेकवर पाय ठेवला आणि कोपऱ्यावरचे वडाचे झाड आता तोडणार की काय, असा काहीतरी विचार करत बसलो. गाडी मागे चालली आहे हे मला झाडाकडे पाहूनच कळले. झाड पुढे जात होते! पेडल तळाला टेकले होते. मी दोनदा झटके दिले, हँडब्रेक ओढला, आणि गाडी थांबली. पण मागून 'थड्' असा आवाज झालाच.

मागे स्कूटर होती. तिच्यावर नवरा, बायको आणि दोघांच्या मध्ये तीनेक वर्षांचा मुलगा. मडगार्ड चेपले होते; माणसांना काही झाले नव्हते. मी खाली उतरलो तेव्हा माझे पाय कापत होते. त्या गृहस्थाने एक शब्दही वाईट काढला नाही. एवढेच म्हणाला, "आजोबा, गाडीचं पासिंग झालंय का?"

आणि वाचकहो, मी काय केले असेल? मी कप्प्यातून कागद काढून त्याच्या हातात दिला. नोव्हेंबर २०२९ पर्यंत वैध! त्याने तो वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाला, "मग ठीक आहे. कागद आहेत तर काय बोलणार?" मडगार्डाचे पैसे त्याने घेतले. ते मूल मात्र आईच्या खांद्यावरून माझ्याकडे टक लावून पाहत होते. रात्री अंथरुणावर पडलो की अजूनही मला ते दिसते.

घरी मी काही बोलणार नव्हतो. पण जेवताना नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही नेहमी ब्रेक दोनदा का दाबता? बाबा तर एकदाच दाबतात."

पानावर शांतता पसरली. मुलाने हळूच विचारले, "नेहमी?" सूनबाईंनी आमटी वाढता वाढता हात थांबवला. मी खरे ते सांगितले. कोणी रागावले नाही. रागावले असते तर बरे झाले असते.

मिस्त्रीने मास्टर सिलिंडर खोलून समोर ठेवला. आतले रबर कडेने झिजले होते. जोरात दाबले की ते पसरून सिलिंडरच्या भिंतीला चिकटते आणि तेल धरून ठेवते. हलक्या दाबाखाली तेल त्याच्या कडेने मागे झिरपते. म्हणजे ज्या रीतीने ब्रेक तपासतात त्या रीतीने हा रोग दिसतच नाही. दिसतो तो चढावर, नातीला घेऊन, झाडाकडे बघत बसल्यावर. सिलिंडरच्या आतही गंजाचे खड्डे होते. नवा मिळेना. कारखान्यातून पद्मिनी येणे २००० च्या सुमारास थांबले. पुढे सुट्या भागांचा बाजार टिकला तो मुंबईच्या टॅक्सींवर. त्यांतली शेवटची २००३ साली नोंदलेली. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. "मागणीच नाही, तर बनवणार कोण?" मिस्त्री म्हणाला. त्याने जुनाच सिलिंडर आतून घासला, नवे रबर घातले आणि मला बजावले, "हे किती टिकेल, मी सांगणार नाही. तुम्हीच बघत राहा."

वडिलांनी ती गाडी विकली असती का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. उत्तर सोयीचे यावे म्हणून विचारला, हेही खरे.

तेव्हापासून आमच्या घरची एक परीक्षा सुरू झाली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी गाडी फाटकाच्या उतारावर उभी करतो. चाकांमागे-पुढे विटा लावतो, गाडीत एकटाच बसतो आणि ब्रेकवर पाय नुसता टेकवून ठेवतो. नात बाहेर, दार उघडे धरून, माझ्या पायाकडे बघत साठापर्यंत आकडे मोजते. दोनदा दाबायचे नाही, ही तिची सक्त ताकीद. साठ झाले की ती वहीत तारीख घालून 'पास' लिहिते आणि शेजारी एक फूल काढते. अशी नऊ फुले जमली होती.

गेल्या पहिल्या रविवारी ती त्रेचाळिसावर थांबली. वाकून बघितले, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाली, "आजोबा, पेडल हललं."

"नाही गं," मी म्हणालो, "पाय हलला असेल माझा."

ती काही बोलली नाही. वही उघडून, पेन्सिल हातात धरून तशीच उभी राहिली. मी पाय काढला, किल्ली फिरवून इंजिन बंद केले आणि खाली उतरलो. "लिही," म्हणालो, आणि मिस्त्रीला फोन लावला.